कोहळ्याच्या जागी डिस्क
बनशंकरीच्या सिग्नलला ब्रेक जळाल्याचा वास आला आणि नव्वदच्या दशकातलं आमचं यशवंतपूरचं वर्कशॉप आठवलं. आयुधपूजा होती, हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस. लेथच्या चकला, म्हणजे काम पकडून गरगर फिरणाऱ्या तोंडाला, झेंडूची माळ, आणि चक आवळायची जड लोखंडी चावीसुद्धा कुंकू लावून चकच्या भोकातच खोचलेली. चकमध्ये एका शर्यतवाल्याच्या गाडीची, भोकंभोकं पाडलेली ब्रेकची डिस्क होती, घासून सपाट करायला आलेली. तो तणतणत आला. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आज मशीन चालवत नाही. उद्या या." मेल्यानं अण्णांना ढकललं आणि स्वतःच बटण दाबलं. चावी सुटली ती आरती घेऊन उभ्या असलेल्या अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, कपाळावर. ती रक्तानं न्हाली, आणि हा विचारतो, "माझ्या डिस्कला काही झालं नाही ना?" अण्णांनी मशीन बंद केलं, डिस्क उपसली, उंबऱ्यापुढे पूजेनंतर दृष्ट काढून कोहळा फोडतात तिथे आपटली आणि घणानं हाणली. बिडाची ती डिस्क भोकाभोकातून तडकत गेली. मग घण घेऊन ते त्याच्याकडे वळले. "अण्णा, सोडा त्याला!" अक्का किंचाळली. तो पळाला. खरं सांगते, एक घाव बसला असता तरी मला चाललं असतं. त्या वर्षी कोहळा अख्खाच राहिला. सिग्नल सुटला. शेजारी बसलेल्या अक्कानं गाडीची काच वर केली. दुसऱ्या हाताचं बोट कपाळावरच्या खळगीत होतं.