मालवणचं प्रवाळ, पालचं जंगल आणि माझा पाय

चूक झाल्यावर माणूस गप्प का बसतो? परीक्षेत कधी कॉपी केली नाही, रांगेत कधी मध्ये घुसले नाही, अशी मी त्या दिवशी गप्प का बसले? तीन आठवडे झाले, मला याचं उत्तर देता येत नाही. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमच्या समुद्र-जंगल सहलीबद्दल विचारलं आहे. कसं जायचं, कुठे राहायचं, पोहता येत नसेल तर चालेल का. ते सगळं लिहिते. बाकीचंही लिहिते.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. प्रवाळ म्हणजे दगड नसून जिवांची वसाहत असते, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. स्वतः मात्र पाहिलं नव्हतं. आणि सातपुडा तर घरामागे असूनही पायी फिरले नव्हते. म्हणून ठरवलं की आधी मालवणला जाऊन पाण्याखालचं पाहायचं, परत येऊन एक दिवस विश्रांती घ्यायची आणि मग सातपुड्यातल्या पालच्या जंगलात दोन दिवस घालवायचे. मार्चचा शेवट गाठला, कारण तोवर समुद्र शांत असतो आणि डोंगरात मोहाची फुलं पडायला लागलेली असतात.

सहा जण जमलो. धुळ्याला शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण कल्पना, तिचा नवरा निलेश, त्याच्या ऑफिसमधले दोघे, मी आणि आमच्या गल्लीतले नाना.

नाना अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी, फूटव्हॉल्व्ह, बादल्या बुडी मारून काढणं हा त्यांचा धंदा. अमळनेरपासून यावलपर्यंत लोक त्यांना बोलवायला येतात. कधी कधी विहिरीतून माणूसही काढावा लागतो, त्याबद्दल ते बोलत नाहीत. चाळीस वर्षं पाण्याच्या तळाशी गेले, पण विहिरीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, सगळं हातानेच चाचपायचं. मी प्लॅन सांगितला तेव्हा ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "बेटा, तठे तयनं दिसस का?"

तळ दिसतो का, असं विचारत होते. म्हटलं, "दिसतो नाना. मासेसुद्धा दिसतात."

"मंग मी येस."

पाठीवर सिलिंडर बांधून खोल जायचं तर ब्लडप्रेशर बरोबर हवं आणि या वयात डॉक्टरचा दाखला हवा, असं बोटवाल्यांनी कळवलं होतं. नानांनी महिनाभर लोणचं, पापड, शेव सगळं बंद केलं. दाखला मिळाल्यावर तो लॅमिनेट करून घेतला. पाण्यात जायचंय म्हणून.

जळगावहून कल्याण, तिथून पनवेल, मग कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे मालवणपर्यंत एसटी. आरक्षण दीड-दोन महिने आधी करा, नाहीतर हाल होतात. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. गाडीत मी सगळ्यांना प्रवाळावर तासभर ऐकवलं. बोटभर वाढायला त्याला किती वर्षं लागतात, पायाखाली आलं तर काय होतं, सगळं. निलेश म्हणाला, "मॅडम, पेपर कधी घेणार?" नाना तेवढे एकाग्र होऊन ऐकत होते.

मालवणला किनाऱ्याजवळ घरगुती खोल्या मिळतात. जेवणात माशाची आमटी आणि भात. आमच्या जिभेला तिखट कमी पडलं, पण तक्रार करू नये असं होतं. बोटवाल्याचं नाव दिगंबर. पस्तिशीचा, काळा, बारीक, हसरा. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात चष्मा आणि श्वासाची नळी वापरायला शिकवतात, दुसऱ्या दिवशी सिलिंडर. पोहता येत नसलं तरी चालतं, जॅकेट असतं. पण दिगंबरने एक गोष्ट बजावली, "कितीव दमलात तरी पाय खाली सोडूचे नाय. हात वर करा, मी येतंय."

इथे आमच्याकडची एक सवय आडवी आली. खानदेशात पोहायला शिकतात ते विहिरीत. पाठीला डबा बांधून ढकलून देतात आणि पहिली गोष्ट शिकवतात ती ही की दम लागला तर पायाने कपार शोध आणि तिच्यावर उभं राहा. विहिरीला कपार असतेच. मीही लहानपणी बाबांच्या गावच्या विहिरीत असंच शिकले. त्यामुळे उथळ पाण्यात नाना दर दोन मिनिटांनी उभे राहत होते, आणि उडालेल्या वाळूत त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"आजोबा, तुमका कितीदा सांगलंय, पाय टेकू नकात!"

"हाऊ भाऊ, भूली गऊ." नाना कान पकडायचे आणि परत उभे राहायचे. सगळे हसत होते.

मग बोट थोडी पुढे, प्रवाळाच्या भागात नेली. काही ठिकाणी ते छातीभर पाण्याइतकं वर आलेलं असतं. मी पाण्यात तोंड घातलं आणि माझ्या फळ्यावरचं चित्र खरं झालं. जांभळट, पिवळट, फांद्याफांद्यांचं. निळे मासे त्यातून असे ये-जा करत होते, जणू ती त्यांची गल्ली. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. एक लाट आली आणि नळीत पाणी शिरलं. खारट पाणी घशात गेलं. मला हात वर करायचा होता. त्याआधी पायाने कपार शोधली होती.

कपार मिळाली. मी तिच्यावर सगळा भार टाकला. वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसं पायाखाली काहीतरी मोडलं.

मी लगेच पाय उचलून चार हात लांब झाले. कोणी पाहिलं नाही असं वाटलं. दिगंबर खाली गेला आणि तळहाताएवढा तुकडा घेऊन वर आला. मोडलेल्या जागी तो पांढराशुभ्र होता. जिथे मोडलं होतं तिथून सगळ्यात जवळ नाना होते. नुकतेच त्यांनी चष्मा नीट लावून पाण्यात तोंड घातलेलं, आता डोकं वर काढून खोकत होते.

दिगंबरचा चेहराच बदलला. "आजोबा, ह्या काय केलास? माझ्या बापाशीच्या टायमापासून हा हय."

नाना त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते मदतीसाठी बघताहेत. मी चष्म्याचा पट्टा सारखा करू लागले.

"चुकनं भाऊ," नाना म्हणाले.

बोट परत फिरली. कल्पना माझ्या कानात म्हणाली, "तू एवढं समजावलं होतंस गाडीत. म्हाताऱ्या माणसांना सवय सुटत नाही गं." मी मान हलवली. एवढंच केलं मी, मान हलवली.

त्या संध्याकाळी बोलायला मला भरपूर वेळ होता. नाना जेवायला समोरच होते. सकाळी पुन्हा ब्लडप्रेशर तपासणार म्हणून त्यांनी लोणचं बाजूला सारलं. मी उठून हात धुतले आणि खोलीत गेले.

सकाळी जेटीवर दिगंबरने सांगून टाकलं, "आजोबांका मी नेणार नाय. माफ करा. खाली गेले आणि परत पाय टेकले तर?"

नानांनी पिशवीतून तो लॅमिनेट केलेला दाखला काढला, त्याच्यासमोर धरला. दिगंबरने वाचला आणि मान हलवली. "तब्येतीचा नाय ओ आजोबा."

"बरं भाऊ." नानांनी दाखला परत पिशवीत ठेवला. "जा रे तुम्ही. मी चपला राखस बठ्ठास्न्या."

बठ्ठास्न्या, म्हणजे सगळ्यांच्या. आम्ही पाच जण गेलो. बोटीवरून मागे पाहिलं तर नाना सहाही जोड्या ओळीने लावत होते. पाण्याखाली मी काय पाहिलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही त्यासाठीच हे वाचत असाल. मोठा काळा-पांढरा मासा आठवतो, वाळूतली एक चांदणी आठवते. बाकी माझ्याच श्वासाचे बुडबुडे. बाहेर आल्यावर निलेशने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "अप्रतिम."

परतीच्या गाडीत मी या ब्लॉगवर एक पोस्ट लिहिली. तुमच्यातल्या अनेकांनी ती वाचली. 'जबाबदार पर्यटन' असं तिचं नाव होतं. तिच्यात एक वाक्य होतं: 'आमच्यातल्या एका ज्येष्ठांकडून नकळत प्रवाळ मोडलं गेलं, तेव्हा फार वाईट वाटलं.' नानांचं नाव लिहिलं नाही, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. समोरच्या बाकावर नाना निलेशला दशमी मोडून देत होते.

एक दिवस घरी राहून आम्ही पालला निघालो. जळगावहून फैजपूर, खिरोदा आणि मग घाट. खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, वर चढलं की सागाची पानगळ. अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या. एका पाड्यावर जमनाताईंच्या घरी उतरलो. त्या पावरा समाजातल्या, चाळिशीच्या, पायात प्लॅस्टिकची चप्पल घालून आमच्या बुटांपेक्षा भरभर चालणाऱ्या. जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा. नानांनी ठेचा दोनदा मागून घेतला. आता कुठलं ब्लडप्रेशर तपासायचं होतं?

पहाटे जंगलात गेलो. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. रसरशीत, पिवळसर, वास डोक्यात जाणारा. निलेशने ओंजळभर उचलून खिशात घातली.

जमनाताई थांबल्या. "भाऊ, ते झाड आमचं नाही. शेजारणीचं आहे."

"पण इथे तर कोणीच नाही, ताई."

"ती येईल ना. तिच्या झाडाखालचं तिच्याआधी कोणी उचलत नाही."

मग माझी जीभ सुटली. जंगल हे कोणाचं तरी घर असतं, आपण पाहुणे असतो, एकाने घेतलं की दुसरा घेतो. मी बोलतच होते. निलेश म्हणाला, "झालं, मॅडमचा तास सुरू! घेतली बाई मीच, ठेवतो." त्याने खिसा उलटा करून फुलं झाडाखाली झटकली, एक शिवणीत अडकलेलं कल्पनाने काढून टाकलं, जमनाताई हसल्या आणि आम्ही पुढे निघालो. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. नाना मागे राहिले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी बाकीचे झोपल्यावर नाना नाल्याकाठी दगडावर बसलेले दिसले. नाल्यात घोटाभर पाणी होतं. मी शेजारी जाऊन बसले.

"नाना, मालवणला ते तुम्ही मोडलं नाही. माझ्या पायाने मोडलं."

"माले माहीत शे."

"कसं?"

"मी दखं ना," नाना म्हणाले. "चष्मा लावा, तोंड पानीमा घातं. इतला वरीसमा पानीमा डोया उघाडीसन जे पहिलं दखं, तो तुना पाय व्हता." इतक्या वर्षांत पाण्यात डोळ्यांनी पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे माझा पाय. ते थोडं हसले. हसण्यासारखं नव्हतं, पण ते हसले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माले वाटनं, तू सांगशी. सकाळले नाव सुटापर्यंत वाट दखी."

सकाळी बोट सुटेपर्यंत त्यांनी माझी वाट पाहिली होती. मी दाखला परत पिशवीत जाताना पाहत होते, तेव्हाही ते वाट पाहत होते.

मी म्हटलं, "आपण परत जाऊ नाना. पावसाळ्यानंतर. मी नेते तुम्हाला."

"आते नको." ते उठले, पॅन्ट झटकली. "पोऱ्याने तुनी ती पोस्ट माले वाची दखाडी. गल्लीमा बठ्ठास्नी वाची. आते काय जाणं."

पोऱ्या म्हणजे त्यांचा मुलगा. मी लिहिलेलं वाक्य त्यांना त्यांच्या मुलाने वाचून दाखवलं होतं. नाव नव्हतं, पण आमच्यात ज्येष्ठ एकच होते. त्यानंतर विहिरीवर कोणी बोलावलं तर लोक थट्टेने म्हणतात म्हणे, "नाना, समुद्र मोडी ऊनात का?" मोडून आलात का, असं. हे मला त्यांनी नाही, नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं.

पालहून आम्ही दुसऱ्या दिवशी उतरलो. अस्वलाची विष्ठा दिसली, दोन घुबडं दिसली, बिबट्या दिसला नाही. जमनाताईंचा पत्ता कोणाला हवा असेल तर आधी त्यांना विचारून मग देईन.

घरी येऊन दोन आठवडे मी क्लासमध्ये शिकवते आहे. प्रवाळाचा धडा या आठवड्यात होता. चित्र काढलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहिलंय का खरं?" मी हो म्हटलं आणि चित्र पुसलं.

काल ती जुनी पोस्ट मी काढून टाकली, तुमच्या कौतुकाच्या प्रतिक्रियांसकट. आज सकाळी हे सगळं नानांच्या ओट्यावर, त्यांच्या मुलासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून नाना एवढंच म्हणाले, "चपला राखाना कसाले लिखं?" चपलांचं काढून टाकू का, असं विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आते."

मग तिथूनच दिगंबरला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटवाल्यांचा एक ग्रुप आहे, ज्यांना परत पाण्यात न्यायचं नाही त्यांची नावं त्यात टाकतात, आणि आजोबांचं नाव त्याने त्याच दिवशी टाकलं होतं. ते तो आता काढेल. "पण त्या जागी कोणाचा तरी टाकूचा लागतला," तो म्हणाला. "नाव सांगा."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांचं नाव आणि आडनावासकट, आणि त्याने बरोबर लिहून घेतलं की नाही ते एकदा वाचून दाखवायला लावलं.