गनीआबांचं सातवं कलाम

गनीआबा डफाला हात लावण्याआधी ओळ म्हणत. मांडीवर बोटं आपटत, एकदा नव्हे, तीनदा. मगच डफ उचलत. "तोंड आधी, हात मांगे," ते म्हणत. "चामडाले काय समजस?"

धरणगावात ते गाद्या भरत. पिंजाऱ्याचं घर, पिढीजात धंदा. मी गादी भरायला टाकली होती, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पिंजणाची तार घुमत होती आणि कापसाच्या धुरळ्यात बसलेला हा माणूस तिच्या लयीत काहीतरी पुटपुटत होता. विचारलं तर म्हणाले, "फारसी शे." त्यांना फारसीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. देवाला शोधता शोधता स्वतःच हरवलेल्या कुणा फकिराची सात कलामं बापाकडून तोंडी आली होती, बापाला त्याच्या बापाकडून. प्रत्येकाचा ठेका वेगळा. मुलगा सुरतेला कामाला, त्याला यात रस नव्हता. मी शाळेत मराठीचा मास्तर, कॉलेजात शिकलेला तबला केव्हाच सोडून दिलेला. "शिकवाल का?" म्हणालो, तर माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "मऊ शेतस. पन चालतीन." दर गुरुवारी संध्याकाळी शिकवायचं ठरलं.

पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा केला. एका कलामात 'हस्त' हा शब्द पुन्हा पुन्हा येई. मराठीच्या मास्तराला हस्त म्हणजे हातच! तो शब्द आला की मी दणकून थाप देई. आबांनी दोन गुरुवार सोसलं. तिसऱ्या गुरुवारी माझं मनगटच धरलं. "मास्तर, हाऊ हात नही शे. आपलं 'शे' शे ना, तेच ते. 'तू शे,' म्हनी ऱ्हायना तो देवले. त्याले थापड कसाले मारतस?" मी कानकोंडा झालो. 'हस्त' म्हणजे 'आहे'. पुढे 'नेस्त' आला, म्हणजे 'नाही'. तिथे हात उचलून मात्रा रिकामी सोडायची. ती एक रिकामी जागा जमायला मला चार महिने लागले. "वाजाडता बठ्ठास्ले येस," एवढंच ते म्हणाले; वाजवता सगळ्यांनाच येतं.

ते काही लिहून घेऊ देत नसत. "कागदवर उतारं का तोंडमातून गयं." मोबाइलवर रेकॉर्ड करू का, असं एकदा विचारलं, तर पुढचे दोन गुरुवार माझ्याशी बोलले नाहीत. मी पुन्हा विषय काढला नाही. त्या आज्ञाधारकपणाचा आता मला संताप येतो.

पाच वर्षांत सहा कलामं झाली. तोवर कापसाने त्यांची छाती भरली होती. दोन ओळी म्हटल्या की खोकल्याची उबळ येई. सातव्या कलामाला त्यांनी आपला नियम आपणच मोडला. "मी म्हनस, तुम्ही वाजाडा. तीनदाव म्हनाले मना दम नही शे. ठेका हातमा बसू द्या, शब्द मंग देसू." दोन गुरुवार मी वाजवलं. चाल अकरा मात्रांची, आडवळणाची. माझा सगळा जीव मोजण्यात. शब्द कानावरून नुसते वाहून गेले.

मग दहावीचे पेपर तपासायला आले. एक गुरुवार चुकला, दुसराही चुकला. तिसरा उजाडण्याआधी कळलं, आबांना धुळ्याला दवाखान्यात नेलंय. मी पोचलो तेव्हा तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. मला पाहून त्यांनी तो बाजूला सारला, ओठ हलवले. मी कान तोंडाशी नेला. नर्सने मला खांद्याला धरून मागे ओढलं आणि मास्क परत बसवला. ते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

चाळिसावा झाल्यावर त्यांच्या मुलाने मला घरी बोलावलं. गाद्यांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. "मास्तर, मी जल्मभर आयकं नही," तो म्हणाला. "बाबा फोनवर सांगे, सातवं बी मास्तरले दिधं. एकडाव म्हनी दखाडा."

त्याने डफ माझ्या मांडीवर ठेवला. हात आपोआप चालू लागले. अकराच्या अकरा मात्रा जागच्या जागी पडत होत्या. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, आता म्हणतील, मग म्हणतील. मी डोळे मिटून घेतले आणि वाजवत राहिलो, कारण थांबलो की त्याला सांगावं लागणार होतं.