अजिंठा राहिला, पारोळा पाहिला

चार दिवसांची रजा मिळाली आणि मी ठरवलं, आता अजिंठाच. ही एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. धुळ्याच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते, आणि लागून रजा मिळणं म्हणजे नवलच. तुम्हालाही जायचं असेल तर सांगते, सकाळची पहिली एस.टी. धरा. पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून अजिंठ्याची दुसरी मोटार. पुढची जागा मागू नका, इंजिनाच्या धगीनं पाय भाजतात. भाकरी आणि ठेचा बरोबर असू द्या. धूळ वाटेत फुकट मिळते.

पारोळ्यात मोटारीनं राम म्हटला. ड्रायव्हर म्हणाला, "बठ्ठा उतरा. दोन तास लागतीन."

सगळे उतरलो, आणि पाणी मागायला मी समोरच्या कापसाच्या वखारीत शिरले. मागच्या कोठीला बाहेरून कडी होती आणि आत कुणीतरी बाई रडत होती. पाणी देणारी मोलकरीण हळूच म्हणाली, "शेटनी सून शे, ताई. तिले रक्तपिती शे म्हणतस. उद्या आश्रममा धाडतस. पोर आठेच र्‍हाई."

रक्तपिती म्हणजे महारोग. इथेच राहणारं ते पोर आठ महिन्यांचं. दोन महिने आईपासून तोडलेलं, तिच्या जावेच्या अंगावर पीत होतं. माझं डोकं फिरलं. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर शेटाणी बाहेर आल्या. माहेर बिकानेरकडचं, पण जन्म खानदेशात गेलेला. त्यांनी नीट सांगितलं, गालावर जखम आहे, भरत नाही, डॉक्टर येऊन गेले.

"त्यांनी जखम पाहिली?"

"परपुरुषाला बहूचं तोंड कसं दाखवणार, बाई? ते ओसरीवर बसले. मुलानं सगळं वर्णन करून सांगितलं."

म्हणजे महारोगाचं निदान पदर न उचलताच झालं होतं. आणि तो शहाणा डॉक्टर फी घेऊन, चहा पिऊन गेला. सासूवर चिडावं की त्याच्यावर, मला कळेना. दोघांवरही चिडले.

कडी काढायला लावली. सुंदरनं, म्हणजे सुनेनं, घुंघट वर केला. गालावर रुपयाएवढा व्रण, कडा उंच, वर खपली. मी तिला डोळे मिटायला सांगितले. गठ्ठ्यातून कापसाचा एक तंतू ओढला आणि व्रणाच्या कडेला टेकवला.

"लागला," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. "आता?"

"आता नाही."

दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, एवढं तरी शिकवतात की नाही? छतापर्यंत कापूस रचलेल्या घरात एक तंतू लावून बघायचं कुणाला सुचलं नाही.

बाळंतपणाला ती बिकानेरला होती. अंगणात निजायची. "तिकडे हा फोडा घरोघर असतो," ती म्हणाली, "पण मला इथे कुणी विचारलंच नाही." मला उलगडा झाला, हा महारोग नव्हेच. तिकडे चिलटाहून लहान, आवाज न करणारी वाळूतली माशी चावते, तिच्यातून जंतू शिरतात, आधी पुटकुळी येते आणि महिन्यांनी व्रण होतो.

आश्रमाचं मी रद्द करायला लावलं. मोटार दुरुस्त झाल्यावर सुंदर आणि तिचा नवरा माझ्याबरोबर जळगावला आले. एरंडोलला केळी घेतली, तिला खाववेना. जळगावला ओळखीच्या डॉक्टरांकडे व्रणाची कड खरवडून काचपट्टीवर घेतली आणि रंगवली. सूक्ष्मदर्शकात पेशींच्या आत ते जंतू दिसले. मी नवऱ्याला डोळा लावून बघायला लावलं. दारुहळदीच्या अर्काची पिवळी इंजेक्शनं व्रणाभोवती सुरू केली, आठवड्याला एक. अजिंठ्याची मोटार तेवढ्यात निघून गेली. पुढचे दिवस त्यांची सोय लावण्यात गेले, रजा संपली, मी धुळ्याला परतले.

दोन महिन्यांनी मुद्दाम पारोळ्याला गेले. गालावर फक्त वण उरला होता. व्रण भरेपर्यंत पोर जावेकडेच ठेवलं होतं. शेटाणींनी पेढे दिले, म्हणाल्या, "झालं गेलं, बाई."

सुंदरनं पोराला जावेच्या कडेवरून घेतलं. ते किंचाळून रडायला लागलं, जावेकडे हात पसरले. तिनं थोडा वेळ थोपटलं, मग स्वतःच परत देऊन टाकलं. "नको रडवायला त्याला," म्हणाली.

व्रण किती दिवसांत भरेल हे मी छातीठोक सांगते. ते मूल आईला कधी ओळखेल, हे मात्र शेटाणींनी मलाच विचारलं. मी पेढे तिथेच ठेवून उठले.