पाच वाजेपर्यंत

शरच्चंद्र खांबेट्यांच्या सहलीला यायचं ठरलं की माणसाच्या हातात आधी एक कागद पडायचा. गाडी कर्वेनगरातून साडेपाचला सुटेल. पाच एकतीसला येणाऱ्यांनी स्वतःच्या वाहनाने श्रीवर्धन गाठावे, तिथे भेटूच. घाटात मळमळणाऱ्यांनी आधी सांगावे; नंतर सांगायची गरज नाही, ते आम्हाला दिसते. लोक वाचून हसायचे आणि मुकाट पाच पंचवीसला कोपऱ्यावर येऊन उभे राहायचे.

हडपसरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात खांबेट्यांनी सव्वीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हेच त्यांचं काम. कामगार त्यांना मागून ‘लेटमार्क’ म्हणायचे आणि ते त्यांना माहीत होतं. मग फाटकावर आपोआप वेळ टिपणारं यंत्र आलं, दोन वर्षांत कारखान्यालाही टाळं लागलं आणि त्या जागेवर काचेची आयटीची इमारत उभी राहिली. बावन्नाव्या वर्षी सक्तीची स्वेच्छानिवृत्ती घेऊन खांबेटे घरी आले. आठवडाभर त्यांनी बायकोच्या, कौशल्याबाईंच्या स्वयंपाकाच्या वेळा लिहून काढल्या. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, “अहो, कुठेतरी जा. लांब जा. चार माणसं घेऊन जा हवं तर.”

म्हणून ही एक दिवसाची सहल. गाडी धोंडिबाची, तेरा सीटांची. धोंडिबा कात्रजच्या पलीकडल्या गावचा, आधी दुधाच्या गाडीवर होता. माणसं बारा, एकही जास्त नाही. सकाळी श्रीवर्धनात पेशव्यांच्या मूळ गावाचा इतिहास, दुपारी मथुराबाईंच्या पडवीत जेवण, आणि मग खडप.

खडप म्हणजे गावापासून तीनेक मैलांवर समुद्रात घुसलेली काळ्या दगडाची जीभ. तिच्या टोकाला एक ठेंगणी देऊळी. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून पायी जाता येतं. भरती आली की मधला चर भरतो आणि टोक एकटं पडतं. पाणी कधी येईल याचा हिशेब खांबेट्यांना मथुराबाईंनीच शिकवला होता. मथुराबाई कोळीण, साठीची, घर खडपाजवळच्या किनाऱ्यावर. पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, “भावजी, तिथीची पाऊणपट करा. जे येईल त्या वाजता भरती. आनि तिथून सा तासांनी ओहोटी. बास.”

खांबेट्यांना हे फार आवडलं. दर सहलीआधी पंचांग उघडायचं, तिथी बघायची, पाऊणपट करायची आणि मग स्वतःच्या अक्षरात कागदावर वेळ घालायची. सात वर्षांत एकदाही चूक नाही.

आठव्या वर्षी काचेच्या इमारतीतल्या बारा जणांचा गट आला. त्यांची पुढारी चैताली नावाची मुलगी, बोलायला गोड, हाताला घाई. रविवार ठरला. तिथी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी दुपारी पावणेचारला. खांबेट्यांनी लिहिलं : खडपावर तीन ते पाच. चैतालीनं कागद कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. “सर, तुमचं हॅण्डरायटिंग क्यूट आहे, पण मेलवर सगळ्यांना पाठवायला बरं पडतं.”

चार दिवसांनी तिचा फोन. “सर, संडेला आमचं रिलीज आलंय, सगळे ऑफिसात. गुरुवारी हॉलिडे आहे, तेव्हा करू या का? प्लीज! मी शीटमध्ये फक्त डेट चेंज करते.”

“करा,” खांबेटे म्हणाले.

हाताने लिहायचं असतं तर तारखेपाशी पेन थांबलं असतं आणि पंचांग उघडलं गेलं असतं. ते झालं नाही. गुरुवार तीन दिवस अलीकडे होता. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, ओहोटी दीडला. तीन वाजता पोरं खडपावर चढली तेव्हा पाणी परतून दीड तास झाला होता. पण चर अजून उघडा होता आणि ऊन छान होतं.

साडेचारला मांडीभर पाण्यातून खिदळत अकरा जण परत आले. एक राहिला. तेजस ढवस, यवतमाळकडचा, कंपनीत येऊन सात महिने झालेले. समुद्र त्यानं पहिल्यांदाच बघितला होता. देऊळीच्या पायरीवर बसून तो नुसता बघत होता. पावणेपाचला किनाऱ्यावरून सगळ्यांनी हाका मारल्या. त्यानं हात वर केला आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. अजून पंधरा मिनिटं.

खांबेटे तेव्हा अर्ध्या मैलावर मथुराबाईंच्या पडवीत चहा पीत होते. ओरडा ऐकून धावले. पाणी बघितलं आणि त्यांना तिथी आठवली. मागून येऊन मथुराबाई हळूच म्हणाल्या, “भावजी, आज दशमी.” एवढंच. तेजस दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या वाळूत सापडला.

जबाब घेताना पोलिसाने विचारलं, “तुम्ही सूचना दिली होती ना?”

“वेळ दिली होती,” खांबेटे म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. पोलिसाने लिहून घेतलं : सूचना देऊनही. पुण्याच्या पेपरात आलं : अतिउत्साही तरुणाचा बुडून मृत्यू. चैताली रडून रडून सांगत होती, आमचीच चूक, आम्हीच त्याला मागे सोडून आलो. मथुराबाईंना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. सात वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते, आणि खालमानेनं बसलेलं.

दोन महिन्यांनी खांबेट्यांच्या दारात एक माणूस उभा राहिला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी.

“खांबेटे साहेब तुमीच का जी? मी बापूराव ढवस. तेजसचा बाप.”

कौशल्याबाईंनी पाणी आणलं. बापूरावांनी ते घेतलं, प्यायले नाहीत. पोराच्या खोलीतलं सामान न्यायला आलो होतो, म्हणाले. “आता एक काम राह्यलं. ती जागा मले पाहाची हाये. एकट्या माणसाले नेता का तुमी, का बाराच लागतात?”

“नेतो,” खांबेटे म्हणाले.

बापूराव गेल्यावर कौशल्याबाईंनी विचारलं, “अहो, दारं-खिडक्या का लावून घेतल्यात?”

“थंडी आहे.”

“मे महिना आहे,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला कोपऱ्यावर बापूराव आधीच येऊन उभे होते. तेरा सीटांच्या गाडीत ते सर्वांत मागे बसले, खांबेटे पुढे धोंडिबाशेजारी. पौड मागे पडलं. ताम्हिणीच्या चढाला बापूराव उठले आणि दांडी धरत धरत खांबेट्यांच्या मागच्या सीटवर येऊन बसले.

“मी शाळेत शिपाई होतो जी. एकतीस वर्सं घंटा देली. तेजस माह्याच शाळेत होता. घंटा झाली का पोट्टं आत. मास्तर म्हणत, याच्यावर घड्याळ लावा.”

“हं.”

“गावात लोक म्हणतात, पोरगं पिऊन होतं. पेपरात ‘अतिउत्साही’ आलं ना, म्हणून. एवढं सांगतलं तरी आयकलं नाई, म्हणतात. त्याच्या मायनं, हिरानं, बाहीर निघणंच सोडलं. पाण्यालेबी जात नाई. पोरगं गेलं ते गेलं. पण कसं गेलं म्हणून लोकाईले सांगावं, हे समजत नाई आमाले.”

धोंडिबाने आरशातून मागे बघितलं आणि गिअर बदलला.

बापूरावांनी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक कागद. पाण्यात भिजून वाळलेला, घड्यांवर फाटलेला. “हा त्याच्या पाकिटात होता. यात पाच लिवलं हाये. त्यानं गोल केला पेनानं, पाहा. ती चैताली म्हणे, आमी हाका मारल्या तं त्यानं घड्याळ दाखवलं. म्हणजे पाचले टाइम होता. मंग तो लेट कसा झाला जी? मी दोन महिने इचार करून राह्यलो. मले हे गणित सुटत नाई.”

खांबेट्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, “तिथे गेल्यावर सांगतो.”

“तिथं गेल्यावर काहून?”

“तिथे दिसेल.”

माणगावला चहासाठी गाडी थांबली. बापूराव मोरीकडे गेले तशी धोंडिबाने खांबेट्यांना बाजूला घेतलं. “सायेब, मला समदं ठावं हाय. मथुराबाई ‘आज दशमी’ बोलली तवा मी मागंच हुतो. पर आता काय बी बोलू नगा. केस मिटल्याली हाय. पोरगं काय माघारी येत न्हाई. तुमी आत जाशीला, माझी गाडी आडकंल, आन् त्या म्हाताऱ्याला काय घावंल?”

“त्याला उत्तर हवंय, धोंडिबा.”

“सांगा की काय तरी. लाट आली म्हना. समिंदर हाय, लाट येतीच.”

खरं म्हणजे हेच उत्तर खांबेट्यांनी रात्रभर घोकून ठेवलं होतं. धोंडिबाच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते इतकं कळकट वाटलं की हातातला चहा त्यांनी तसाच ओतून दिला.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. भरती नुकतीच येऊन गेली होती. खडपाचं टोक आणि देऊळी पाण्यात एकटी उभी होती. मधल्या चरात हिरवं पाणी वरखाली होत होतं. बापूराव चपला काढून वाळूत उभे राहिले. समुद्र त्यांनीही पहिल्यांदाच बघितला असावा, पण ते समुद्राकडे बघतच नव्हते. चराकडे बघत होते.

“इथून?”

“इथून.”

“किती पाणी असंन?”

“आत्ता डोक्यावर. त्या दिवशी पाच वाजता छातीला. पण ते ओढतं.”

“आन् तीनले?”

“तीनला घोटाभर.” खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बापूराव, तुमचा मुलगा लेट झाला नाही. तो वेळेवरच निघाला. वेळ चुकीची होती. ती मी दिली होती. रविवारची वेळ गुरुवारी दिली. रविवारी पाचला इथे जमीन असती. तारीख बदलली आणि मी पंचांग बघितलं नाही. जे अकरा जण वाचले ते माझा कागद न पाळता आधी आले म्हणून वाचले.”

पाण्याने बापूरावांच्या पायांखालची वाळू ओढून नेली तसे ते थोडे हलले आणि परत नीट उभे राहिले.

“पोलिसाले सांगतलं हे?”

“नाही.”

“काहून?”

खांबेट्यांनी परत चष्मा काढला.

“म्हणजे दोन महिने तुमाले मालूम होतं,” बापूराव हळूच म्हणाले. “आन् तिकडं माही बायको तोंड लपवून बसली. का पोरगं दारुडं निंघालं म्हणून.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर खांबेट्यांना बरं वाटलं असतं. “लिहून द्या.”

“काय?”

“आत्ता बोलले ते. माह्या तोंडचं गावात कोणी आयकत नाई. बाप हाये, म्हणतीन, बोलनच. कागद पाह्यजे.”

दूर गाडीपाशी उभ्या धोंडिबाला त्या दोघांच्या उभं राहण्यावरूनच कळलं असावं. तो वाळूतून धावत आला. “सायेब, बोलायचं ते बोला, पर सही नगा करू. मी पाया पडतो. ह्यो कागुद कोर्टात गेला तर सुटका न्हाई.”

खांबेट्यांनी खिशातून वही काढली. खडकावर बसून मांडीवर धरली. त्यांचं अक्षर आयुष्यभर देखणं होतं, आताही तसंच आलं. पानभर लिहिलं आणि वही पुढे केली. बापूरावांनी एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं. मधेच थांबले.

“इथं ‘नजरचूक’ लिवलं.”

“हो.”

“तो शब्द काढा. ‘मी पाहिलं नाही’ असं लिवा. मंघाशी तसंच बोलले तुमी.”

खांबेट्यांनी शब्द खोडला, वर नवे शब्द लिहिले, खोडलेल्या जागी छोटी सही केली. टाइम ऑफिसात दुरुस्तीची तशीच रीत होती. मग खाली पूर्ण सही, पत्ता, तारीख. पान फाडून दिलं. मथुराबाई पडवीतून येऊन वाळूच्या कडेला उभ्या होत्या. बापूरावांनी त्यांना बोलावलं, “बाई, साक्ष म्हणून आंगठा देता का?” मथुराबाईंनी एकदा खांबेट्यांकडे बघितलं. “मी सही करते,” म्हणाल्या, आणि मोठमोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. मग पेन परत देता देता म्हणाल्या, “तवाच बोलायला पायजे होतं मी. माजं पन चुकलं, दादा.”

बापूरावांनी मान हलवली. ती कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही. दोन्ही कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले.

“जेवून घ्या,” मथुराबाई म्हणाल्या.

“नाई. तुमच्या गावातून पुन्याची एस.टी. असंन ना?”

“बापूराव, गाडी आहे ना. मी सोडतो तुम्हाला.”

“तुमच्या गाडीत मी आता बसत नाई.”

स्टॅण्डपर्यंत तीन मैल ते उन्हातून चालत गेले. धोंडिबाने दीडेकशे पावलं मागे ठेवून गाडी हळूहळू चालवली. वाटेत त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. स्टॅण्डवर एस.टी. उभीच होती. बापूराव खिडकीशी बसले. खांबेटे खाली येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. सात वर्षांत माणसांना निरोप देताना जे बोलायचे त्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं.

“ही स्वारगेटला जाते. तिथे उतरा. यवतमाळची गाडी शिवाजीनगरहून सुटते, स्वारगेटहून नाही. रात्री नऊला आहे. तुम्हाला सहज मिळेल.”

बापूरावांनी ऐकून घेतलं. मग मान वळवली आणि पुढे तिकिटं फाडत येणाऱ्या कंडक्टरला विचारलं, “दादा, यवतमाळची गाडी कुठून सुटते आन् किती वाजता?”