हिरव्या कोटाची दुमड

मावशीच्या दुकानातून इस्त्रीशिवाय कपडा बाहेर गेला, असं कधी घडलं नाही. ही शिस्त तिच्या नवऱ्याची. दुकान त्याचं, मशीन त्याचं, खुंटीवरची मोठी कात्रीसुद्धा त्याचीच. दोघं ऐन तारुण्यात या परक्या देशात आली, परक्यांच्या पँटी आखूड करता करता म्हातारी झाली, आणि मग तो एकटाच पुढे निघून गेला. "आमचे हे इतके गरीब, की बोटाला सुई टोचली तर सुईची माफी मागायचे," असं मावशी गिऱ्हाइकांना सांगायची आणि आपणच खो-खो हसायची. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या औषधांच्या दुकानात जावा. हळू बोलणं तिला एकाच ठिकाणी जमायचं, ते म्हणजे माप घ्यायच्या पडद्यामागे.

आपल्याकडून लग्न करून इकडे आलेल्या कितीतरी मुलींना एकटीने कुठे जायची मुभा नसते. डॉक्टरकडे नवरा सोबत, बाजारात नवरा सोबत. पण नवरा कितीही संशयी असो, बायकोचं माप चालू असताना पडद्याआड घुसायला त्यालाही लाज वाटते. मावशीने हे फार पूर्वीच ओळखलं होतं. ती मापं ओरडून सांगायची आणि दोन मापांच्या मधे हळूच बाकीचं विचारायची. ज्यांना नको होतं त्यांना तिने कधी टोकलं नाही. ज्यांना हवं होतं त्यांना ती आधारगृहातल्या बाईंच्या हवाली करायची. घरात मार खाणाऱ्या, दूरदेशाहून आलेल्या बायकांसाठी ते घर चालायचं.

अशीच एका सकाळी कोटवाली आली. तिचा नवरा पुढे, ती मागे. गडद हिरवा लोकरी कोट, पायात येणारा. उंची कमी करायची होती, बाह्याही.

"मापाला आत यावं लागेल हं," मावशी म्हणाली. नवरा काउंटरला टेकून मोबाइल बघत उभा राहिला.

आत टेप दंडाभोवती फिरली तशी मुलीने श्वास ओढून धरला. मावशीने टेप सोडली. बाही वर करून बघायची गरजच नव्हती.

"खांदा चौदा!" मावशी ओरडली, आणि मग पुटपुटली, "उजवा दुखतोय ना? राहू दे, डाव्यावरूनच घेते."

मुलीचे डोळे भरून आले. मावशीने पुढे काही विचारलं नाही. तिने फक्त बाहीची टाचणी मुद्दाम चुकीच्या जागी लावली. बाही चुकली म्हणजे गिऱ्हाईक परत येतं.

गिऱ्हाईक परत आलं, पुन्हा आलं. "एका कोटाला किती खेपा हो, मावशी?" नवरा वैतागला. "अहो, घाईचं शिवलेलं उसवायलाच जास्त वेळ लागतो," मावशीने त्याला गोड हसून सांगितलं. माणूस दिसायला सज्जन, बोलायला त्याहून सज्जन. ओठात एक आणि पोटात एक असणारी माणसं मावशीने आयुष्यभर पाहिली होती, तरी याच्या गोडव्याने तिच्या अंगावर काटा यायचा.

पडद्यामागे तुकड्यातुकड्याने सगळं कळत गेलं. तो संध्याकाळी गोदामात कामाला जायचा, सकाळी परत यायचा आणि आल्यावर आधी हिची पर्स, खिसे, कपाट तपासायचा. पासपोर्ट त्याच्याकडे. "तू माझ्या नावावर आलीयस. घर सोडलंस तर दुसऱ्या दिवशी विमानात कोंबतील तुला," हे त्याने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मावशीने आधारगृहातल्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "साफ खोटं आहे. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईला इथे राहायला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, मी सोबत जाईन. पण मावशी, ती हो म्हणेपर्यंत तिला ओढून काढू नका."

आणि मग एकदा ती हो म्हणाली. तिला म्हणावंच लागलं, कारण नवऱ्याने दुसऱ्या शहरात काम धरलं होतं आणि महिनाअखेरीला बिऱ्हाड हलणार होतं. तिकडे ना मावशी, ना पडदा.

"तो कामावर गेला की सरळ माझ्या घरी ये," मावशीने पत्ता पाठ करून घेतला. "तिथून बाई तुला घेऊन जातील."

ती आलीही. पण मावशीला हे कळलं पुढच्या खेपेला. इमारतीच्या खालच्या दाराशी बटणांची फळी होती, प्रत्येक बटणापुढे इथल्या लिपीत नाव. मुलीला ती लिपी येत नव्हती. "चुकीचं बटण दाबलं असतं, मावशी, आणि कुणीतरी ह्यांना सांगितलं असतं..." ती बराच वेळ दारात उभी राहिली होती आणि मग घरी परत गेली होती. वर मावशी चहाचं आधण ठेवून वाट बघत बसली होती.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर त्या दाराने आत-बाहेर करून तिला ती बटणं दिसेनाशीच झाली होती. मग तिने ठरवलं, बटणाची भानगडच नको. खालच्या आणि वरच्या दाराला एकच किल्ली चालायची. तिने जास्तीची किल्ली नमद्याच्या जाड लोकरी तुकड्यात गुंडाळली आणि कोटाच्या खालच्या दुमडीत शिवली. चांगल्या कोटाच्या दुमडीत वजन घालतातच, म्हणजे कोट नीट लोंबतो. हाताला जड लागलं तरी कुणाला शंका यायची नाही.

"कच्चा टाका घातलाय. हा दोरा ओढलास की सगळं सुटेल," तिने पडद्यामागे दाखवलं. मुलगी पहिल्यांदा हसली. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. "शेवटचा हात फिरवते, मग कोट घेऊन जा," मावशी म्हणाली.

पण कोट न्यायला नवरा एकटाच आला, आणि ठरल्यापेक्षा लवकर. "द्या पटकन, गाडी बाहेर उभीये." चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मावशी बोलत सुटली, हवेबद्दल, लोकरीबद्दल, भाव वाढल्याबद्दल. आणि बोलता बोलता, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिच्या हातांनी कोट फळीवर पसरला, वाफेची इस्त्री उचलली आणि दुमडीवरून दाबून फिरवली. घडी घातली. दुकानात पिवळा दिवा. तिला काही दिसलं नाही.

त्या दिवसापासून मावशीने घराला आतून कडी लावली नाही. कडी असली तर किल्ली काय कामाची? संध्याकाळी गोदामाच्या पाळीची वेळ झाली की ती खुर्ची दाराकडे करून बसायची.

नवरा परत आला तो भर दुपारी. कोट काउंटरवर ठेवला. दुमड उसवलेली.

"खालची शिलाई सुटली, मावशी. आणि हे तुमचं राहिलं होतं आत." किल्ली त्याने अलगद कोटावर ठेवली. मग कोट उचलून दाराच्या उजेडात तिरपा धरला. गडद हिरव्या लोकरीवर किल्लीची छाप चकाकत होती, दांडी, दाते, सगळं. "इस्त्री फार छान करता तुम्ही."

मावशीने विचारलं, "ती... कशी आहे?"

"मजेत. घाई नाही कोटाची. तिला आता लागणार नाही."

तो दाराबाहेर पडताच तिने आधारगृहात फोन केला. बाई पोलिसांना घेऊन तासाभरात त्या घरी पोचल्या. घर रिकामं होतं. स्वयंपाकघरात ओला पोछा पडलेला. त्याच्या गोदामाने सांगितलं, तो काम सोडून गेला. तिला गावी धाडलं, की दुसऱ्या शहरात नेलं, की आणखी काही झालं, बाई अजून शोधतायत. कळलेलं नाही.

"चूक त्याची आहे, मावशी. तुमची नाही," बाई म्हणाल्या.

"ते मला समजतं हो," मावशी म्हणाली. "पण छाप माझ्या इस्त्रीची आहे." आणि ती लहान मुलासारखी हमसून रडली.

लोकरीची चकाकी घालवायला पाणी आणि व्हिनेगरचा बोळा लागतो, मावशीला ते झोपेतही जमेल. त्या कोटाला तिने हात लावला नाही. तो दुकानात आत, पडद्यामागे टांगलेला आहे.

उंची कमी करताना कापलेली हिरवी पट्टी मात्र टोपलीत सापडली. तिचा बोटाएवढा तुकडा मावशीने इमारतीच्या खाली, आपल्या बटणाशेजारी चिकटवला. नवीन येणारीला ती आता पत्ता सांगते आणि पुढे म्हणते, "हिरवी चिंधी दिसेल, तिच्या शेजारचं बटण दाब. वाचता यायची गरज नाही." इतकी सोपी गोष्ट. मिनिटाचं काम होतं. आधी का नाही सुचली, हे ती कुणाला बोलून दाखवत नाही, कारण त्याची माफी मागायची ती त्या मुलीचीच, आणि तिचा पत्ता नाही.

बेल वाजली की मावशी गुडघे सांभाळत जिना धावत उतरते, दार उघडते. कुणीतरी दुसरीच उभी असते, पिशवी छातीशी धरून. मावशी क्षणभर तिच्या मागे रस्त्यावर बघते.

"ये गं, ये आत," ती म्हणते.