हवालदारांचा अंगठा

हवालदारांकडे गाडी इंजिनाचा पट्टा बदलायला टाकली की मालकाला एक गोष्ट मुकाट्यानं सोसावी लागे. काम झाल्यावरच्या पहिल्या फेरीला हवालदार स्वतः गाडीत बसत. पुढच्या सीटवर, हात मांडीवर, डोळे मिटून. मालक आटपाडीला निघाला असेल तर आटपाडीला, लग्नाला निघाला असेल तर लग्नाला. एकदा नवरदेवाच्याच गाडीत बसून ते जतला गेले, ग्रीसच्या हातांनी अक्षता टाकल्या आणि एसटीनं परत आले. "फौजेत आमच्यात असंच हुतं," ते सांगत. "ज्यानं गाडी दुरुस्त करून सोडली, त्यानं पयल्यांदा तिच्यात बसायचं. मग काम नीट कर म्हणून सांगाय लागत न्हाई."

कवठे महांकाळला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, नवऱ्याचं सगळं लक्ष द्राक्षबागेत, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. हवालदारांचं गॅरेज अगदी भिंतीला भिंत लागून. माणूस मूळचा म्हसवडचा. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमर गेली होती. बायको लवकर गेली, रूपाली ही एकच लेक. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, तरी मला वैनी म्हणत आणि माझ्या दुकानातल्या झाडून साऱ्या मालाला नावं ठेवत. घेत मात्र माझ्याकडूनच.

इंजिनाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या झाकणाआड एक दातेरी रबरी पट्टा असतो. खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व एका तालात ठेवणं हे त्याचं काम. ताल चुकला तर ते एकमेकांवर आदळतात आणि इंजिन बसतं. "खालचा वर आला की वरच्यानं वाट द्यायची. संसारच हाय," असं ते नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवत. नवा पट्टा चढवला, खुणा जुळवल्या, की पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवायचं, खुणा पुन्हा बघायच्या. मग पट्ट्याचा लांब भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पिळायचा. पाव वळसा फिरला तर ताण बरोबर. जास्त फिरला तर ढिला, फिरलाच नाही तर कडक. एवढं झालं की म्हसवडच्या सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणायचं आणि किल्ली फिरवायची.

हा ताण मोजायचं एक यंत्र मी कोल्हापूरहून आणून त्यांना दिलं होतं. त्यांनी ते खिळ्याला टांगलं आणि त्याला आपली टोपी अडकवली. "लय ब्येस झालं वैनी, टोपीला जागा नव्हती," म्हणाले. वर अंगठा दाखवून म्हणाले, "काटा हितं हाय." माणूस हट्टी होता, आणि हुशार असल्यामुळे त्याचा हट्ट खपून जायचा.

पुढं त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तर यांनी चहात गूळ सुरू केला. मी बोलले तर म्हणाले, "साखर नगं म्हणलाय डाक्टर, गुळाचं काय बोलला न्हाई." मी हसले. पण एके दिवशी चहाचा कप घेताना त्यांच्या बोटांवर मोठा फोड दिसला. कशानं भाजलं विचारलं तर त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. तो फोड ते माझ्याबरोबरच पहिल्यांदा बघत होते. तापलेल्या सायलेन्सरला हात टेकला असणार, आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

रूपालीला सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. ती कोयनानगरला असते, जावई अमर तिथंच नोकरीला. तो गाडी घेऊन सासऱ्यांकडे आला, पट्टा जुना झाला होता म्हणून. एवढा घाटवळणांचा रस्ता, गाडीत पोटुशी बायको. त्याचंही बरोबर होतं. "लेकीला आणायची गाडी दुसऱ्याच्या हातात दीन व्हय?" म्हणत हवालदारांनी अंगातला सदरा काढला.

मी पट्टा द्यायला गेले ती तिथंच थांबले. सगळं नेहमीसारखं झालं. खुणा, दोन फेरे, पुन्हा खुणा. मग त्यांनी पट्टा चिमटीत धरला आणि पिळला. तो फिरेना. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ताण देणारी पुली त्यांनी थोडी सैल केली, पुन्हा पिळलं. पुन्हा सैल केली. "कडक माल दिलाय वैनी," ते पुटपुटले. अखेर पट्टा मनासारखा फिरला, चांगभलं झालं, गाडी सुरू झाली. अमरनं ॲक्सिलरेटरवरनं पाय उचलला की झाकणाआडून फटफट असा बारीक आवाज येत होता. या भिंतीआड माझी इतकी वर्षं गेली. पट्टा झाकणाला लागतो तेव्हाचा आवाज मला कळतो.

"हवालदार, पट्टा ढिला हाय. यंत्र लावून बघा एकदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वैनी, तुमी पट्टं इका. ताणायचं आमी बघतो."

मी अमरला बाजूला घेऊन सांगितलं की मिरजेला कुणाला तरी दाखव आणि मगच पुढं जा. त्यानं सासऱ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. सासऱ्याच्या तोंडावर त्याच्या कामाला दुसरा माणूस शोधायचा, हे आपल्याकडच्या कुठल्या जावयाला जमेल? रीतीप्रमाणे हवालदार पुढच्या सीटवर बसले, डोळे मिटले, आणि गाडी गेली. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

पुढचं मला रूपालीनंच सांगितलं. जाताना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिला मागं बसवून परत येताना उतारावर अमरनं खालचा गिअर टाकला, इंजिनाला हिसका बसला, पट्ट्यानं दात सोडले आणि गाडी एकदम मुकी झाली. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा. अमरनं हँडब्रेक ओढत गाडी दरडीच्या बाजूला घासत थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. खरचटलंसुद्धा नाही कुणाला, पण रूपालीचं पोट कडक झालं आणि कळा येतात की काय असं वाटायला लागलं. दुधाच्या टेम्पोतून तिला कराडच्या दवाखान्यात नेलं. टेम्पोत बापू, म्हणजे हवालदार, पूर्ण वेळ आपल्या हाताकडे बघत होते, असं ती म्हणाली. कळा थांबल्या. दोन्ही जीव वाचले.

परत आल्यावर हवालदार टोपी अडकवलेलं ते यंत्र घेऊन माझ्या दुकानात आले आणि त्यांनी टाचणी मागितली. मी दिली. काउंटरवर हात ठेवून त्यांनी ती अंगठ्यात खुपसली. रक्ताचा थेंब वर आला, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"पट्टा कडक नव्हता, वैनी," ते म्हणाले. "अंगठ्यातली जाण गेली हुती, जोर सरला हुता. आन् मी पट्टा ढिला करत बसलो."

मी त्यांच्यापुढं फडकं सरकवलं. अंगठा पुसत ते म्हणाले, "काम चुकलं तर आपुन पयलं मरावं, म्हणून बसायचं पयल्या फेरीला. मागं लेक बसली हुती, ह्ये ध्यानातच आलं न्हाई." मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, ते यंत्र माझ्यापुढं ठेवलं आणि गेले. त्यानंतर त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही. गिऱ्हाइकाला सरळ मिरजेला पाठवत. दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. मला त्यांचा राग यायचा आणि डोळ्यांत पाणीही यायचं, दोन्ही एकदमच.

रूपालीला मुलगी झाली. गॅरेजच्या मागच्या खोलीत मी बाळाला बघायला गेले. अमर आला होता. सासऱ्याशी बोलत नव्हता, पण आला होता. हवालदार लांब भिंतीला टेकून उभे होते. नातीला त्यांनी अजून उचललं नव्हतं. रूपालीनं किती सांगितलं तरी त्यांचं एकच, हातातनं सुटलं तर.

शेवटी तिनं त्यांना ओढून पाटावर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर टाकलं. त्यांनी हात अधांतरी धरले होते, जणू बाळाला लागतील. बाळानं चाळवाचाळव केली, मूठ उघडली आणि त्यांचा अंगठा धरला.

हवालदार त्या मुठीकडे बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "घट्ट धरलाय का?"

मी वाकले. ती बारकी बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती.

"लय घट्ट," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. बाळ झोपलं तरी त्यांनी हात हलवला नाही.