पिवळ्या पट्ट्याचे बोये

सुट्टीत आम्ही पार्सिपनीहून सात तास ड्राइव्ह करून मेन राज्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जुनी लाकडी खोपटं बघायला गेलो. पाच मिनिटांत मुलांचं 'कॅन वी गो?' सुरू झालं. बायको त्यांना आइस्क्रीम खायला घेऊन गेली आणि मी एकटाच शेवटच्या खोपटापाशी रेंगाळलो.

दारात एक म्हातारा कोळी बोये रंगवत बसला होता. लॉबस्टरचा पिंजरा कुठे टाकलाय ते कळावं म्हणून पाण्यावर सोडतात, ते बोये. तिथे प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो, दुसरा कुणी तो लावत नाही. त्याचे स्वतःचे लाल बोये भिंतीवर विटून गेले होते. हातातला मात्र ताजा हिरवा होता. त्यावर पिवळा पट्टा ओढताना तो श्वास रोखून धरायचा, मग ब्रश पँटलाच पुसायचा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"मुलाचा. डेन्व्हरला ऑफिसात असतो."

"परत येणार आहे का?"

त्यानं ब्रश पुसला. "नाही. पण रंग त्याचाच आहे ना."

आणि पुढचा बोया उचलला.

नागपूरला माझी कॉलेजातली स्कूटर आहे. बाबा दर रविवारी ती अंगणात पाच मिनिटं सुरू करून ठेवतात. गेल्याच आठवड्यात मी फोनवर वैतागलो होतो, "विकून टाका ना बाबा, उगाच जागा अडवते." ते "बघू" म्हणाले.

मी परत येणार का, हे त्यांनी कधीच विचारलेलं नाही.